आमच्या साडूंचे परदेशी नातेवाईक

आमच्या साडूंइतके लांबलांबचे नातेवाईक असलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. त्यांचे एक मामा इंग्लंडचे, एक आबा स्कॉटलंडचे, एक आक्का न्यूयॉर्कच्या. शिवाय एक साहेब होते, त्यांच्याशी साडूंनी पुढे संबंध तोडले. यांतलं कोणीही साडूंना कधी भेटलेलं नाही आणि बहुतेक जण आता हयातही नाहीत. साडू स्वतः दौंड तालुक्यात, राहू गावाच्या पुढे नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात ऊस करतात आणि गुऱ्हाळ चालवतात. पण शहरं कशी वसवावीत, जुन्या गल्ल्या मोडाव्यात की राखाव्यात, रस्ता माणसांचा की गाड्यांचा, यावर जगात ज्यांनी ज्यांनी डोकं चालवलं त्या सगळ्यांना त्यांनी आपल्या भावकीत ओढून घेतलं आहे. खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. "नाव इसरतं, पाव्हणं. नातं लावलं की ध्यानात ऱ्हातं," असं ते मला सांगतात. आमची धाकटी लेक लहानपणी न्यूयॉर्कची आक्का दिवाळीला काय आणणार म्हणून विचारायची.

हे सगळं रद्दीपासून सुरू झालं. गुळाच्या खोक्यांना आतून कागद लावायला साडू पुण्याहून रद्दी आणत. एका वर्षी त्या रद्दीत कुठल्याशा कॉलेजानं काढून टाकलेली नगररचनेची पुस्तकं निघाली. साडूंनी बी.ए.ला भूगोल घेतलेला. नकाशा दिसला की त्यांचा हात थांबतो. मग पान वाचायचं, अडलं की मोबाइलला विचारायचं आणि समजलं की चुलवणातून काढलेल्या राखेत उसाच्या कांड्यानं ते आखून बघायचं, असा क्रम सुरू झाला. काहिलीत रस आटत आला तरी साडू राखेत वाकून शहर वसवतायत, हे दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. गूळ करणारा बाबू शेवटी ओरडायचा, "मालक, तुमचं शहर ऱ्हाऊ द्या तसंच, हिकडं गूळ लागतोय!" अडचण एवढीच, की पुस्तकांचा शोध लागेपर्यंत त्यांतली बरीच पानं खोक्यांना लागून बाजाराला गेली होती. कोणाची सुरुवात दौंडला विकली गेली, कोणाचा शेवट पुण्याला. त्यामुळे साडूंचं ज्ञान खोल आहे, पण त्याला मधूनमधून भोकं आहेत.

पहिले आले ते इंग्लंडचे बागवाले मामा. मधोमध बाग, भोवती गोल घरं, त्याभोवती शेतं. शहराची सोय आणि गावाची हवा एकाच ठिकाणी, अशी या मामांची शिकवण. साडूंना ती इतकी पटली की नवा गोठा त्यांनी गोल बांधला. मध्ये हिरव्यागार गवताची बाग, भोवती गाई-म्हशी, सगळ्यांची तोंडं बागेकडे. गाव बघायला लोटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहर जागेवर होतं आणि बाग म्हशींच्या पोटात. माझी मेहुणी शालन, म्हणजे साडूंची बायको, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्या गोलाला वळसे घालता घालता म्हणाली, "त्या मामाला म्हणावं, एकदा येऊन शेण काढ." साडू शांतपणे म्हणाले, "मामांच्या शहरात म्हशी न्हवत्या. त्यांची चूक न्हाई." गोठा अजून गोल आहे.

साहेबांचं प्रकरण मात्र जास्त चिघळलं. या साहेबांना आम्ही सिमेंट साहेब म्हणत असू. राहायचं एकीकडे, काम दुसरीकडे, मौजमजा तिसरीकडे आणि मध्ये गाड्यांना ऐसपैस रस्ते, असा त्यांचा खाक्या. साडूंच्या पुतणीचं लग्न कासुर्डीजवळ, हायवेला लागून असलेल्या लॉन्सवर होतं आणि सगळी मांडणी साडूंनी अंगावर घेतलेली. लग्न एका टोकाला, जेवण दुसऱ्या, हात धुवायचं पाणी तिसऱ्या आणि बरोबर मध्यभागी पार्किंग. मुहूर्त जवळ आला तरी नवऱ्या मुलाचे मामा सापडेनात. शेवटी ते हात धुवायच्या टोकाला, परतीची वाट विचारताना सापडले. जेवून उठलेली माणसं खरकटे हात छातीशी धरून ओळीनं गाड्यांमधून चालली होती. ते बघून मला हसू आवरेना आणि नेमकं तेव्हाच साडूंनी माझ्याकडे पाहिलं. पुढे ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, साहेबांच्या पुस्तकाचा शेवटचा भाग बाजारात गेला व्हता. आता मोबाइलवर वाचला. लोकांनी लई झापलंय त्यास्नी." त्या दिवसापासून साहेबांचं नाव त्यांच्या घरात निघत नाही.

मला अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही. एसटीत कोणी उभं दिसलं तरी वाटतं, याची जागा आपणच घेतली. पण ते लग्नातलं हसू मला जरा जास्तच टोचलं, कारण ज्या माणसाला मी हसलो, त्याच्या घरी तेव्हा माझी सासू राहत होती. वास्तविक ती माझ्याकडे असायला हवी होती. सासूबाईंना आम्ही दोघेही जावई मामी म्हणतो. त्यांना मुलगा नाही, दोन मुली; मी थोरला जावई. सासरे गेल्यावर मामी वडगाव रासाईला एकट्या पडल्या, तेव्हा माझी बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मी शिरूरचा आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, मामींचे गुडघे दुखतात, अशी कारणं सांगितली. कारणं खरी होती. पण मी ती जरा लवकर सांगितली. साडूंनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी जीप काढली, नदीच्या अलीकडून मामींना पलीकडे नेलं, "आठ दिवस चला" म्हणून. त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

तिथं गेल्यावर मामींना न्यूयॉर्कच्या आक्का भेटल्या. आक्कांचं म्हणणं असं, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे नव्हे, तर दारात बसलेल्या, खिडकीतून डोकावणाऱ्या, दुकानातून मान वर करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांमुळे. ज्या गल्लीला डोळे आहेत तिथं पोर हरवत नाही आणि चोर थांबत नाही. साडूंचं घर गल्लीच्या ऐन वळणावर आणि घराचा घडीव दगडांचा ओटा रस्त्यात पुढे आलेला. साडूंनी मामींना त्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, की तुम्ही नुसत्या बसला न्हाई, तुम्ही ह्या गल्लीचे डोळे हाय. मामींनी ते काम असं काही हातात घेतलं, की गल्लीला पळता भुई थोडी झाली. शाळा चुकवणारी पोरं मागच्या शेतातून जाऊ लागली. नवा माणूस दिसला की "कुणाकडं आलायसा? कुणाचं तुम्ही?" झाल्याशिवाय पुढे सुटका नाही. त्या वळणावर गाडी एका दमात वळत नसे, मागंपुढं करावी लागे, तेव्हा मामी ओट्यावरूनच हात हलवत, "येऊ द्या… येऊ द्या… अजून हाय… बास!" मी तिथं नेहमी त्यांच्या इशाऱ्यावरच गाडी वळवत आलो. शालन वैतागून म्हणायची, "आधीच माझी आई, त्यात हुद्दा मिळालाय."

आक्कांबद्दल मामींना एवढं प्रेम, की एकदा त्या जेवताना म्हणाल्या, "एवढी शहाणी बाई, एकदा बोलवा की जेवायला. शालू पुरणाचं करंल." साडूंनी ताटातून मान वर न करता सांगितलं, की आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. मामींचा घास हातातच राहिला. "आं? आन् मला सांगितलं न्हाई?" त्या दिवशी त्यांनी गोड खाल्लं नाही, आणि संध्याकाळी ओट्यावर बसल्या त्या डोक्यावरून पदर घट्ट ओढून. समोरच्या घरातल्या तांबोळीचाची विचारायला आल्या, "क्या हुआ मामी, कोण गेलं?" तर मामी म्हणाल्या, "आमच्यातली एक व्हती. परदेशात असायची." चाचींनी त्यांच्या शेजारी बसून थोडा वेळ दुःख केलं.

अशी सगळी मजेत चाललेली गोष्ट ट्रॅक्टरनं अडवली. ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला निघू बघायचे आणि वळणावर अडकायचे. तेव्हा गल्ली रुंद करायची टूम निघाली. ठरत होतं ते असं, की समोरची अख्खी ओळ मागे सरकवायची, म्हणजे तांबोळीचाचांचं शिलाईचं दुकान, त्यामागचं त्यांचं घर, पलीकडची गिरण आणि दुकानापुढचा कडुलिंब, सगळं जाणार. ग्रामसभेत साडू उठले. त्या दिवशी मी गावातच होतो. त्यांनी स्कॉटलंडच्या आबांना बोलावलं. हे दाढीवाले आबा पूर्वी हिंदुस्थानात येऊन जुन्या गावांच्या गल्ल्यांतून पायी हिंडले होते; अख्खी वस्ती पाडू नका, दुखतंय तिथंच थोडं कापा आणि टाका घाला, असं त्यांचं सांगणं.

"आबा म्हंत्यात, आधी हिंडा, मग आखा," साडू म्हणाले.

"कंचे आबा?" सरपंचांनी विचारलं. त्यांना गावात आप्पा म्हणतात.

"स्कॉटलंडचे."

"त्यांचं मत आपल्या वॉर्डात हाय का?" सभा हसली.

"मत न्हाई आप्पा, पण डोकं हाय. ट्रॅक्टर नेमका कुठं अडतोय ते कुणी बघितलंय का? बघा तरी. मग पाडा."

आप्पा तसा समजूतदार माणूस. दुसऱ्या दिवशी भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गल्लीत घातला. साडू पाटीभर राख घेऊन चाकांच्या कडेनं रेघ ओढत पुढे, गाव मागे. तांबोळीचाचा दुकानाच्या दारात टेप गळ्यात अडकवून उभे, चेहरा पांढरा. ट्रॅक्टर दुकानापाशी आला, कडुलिंबाची एक फांदी खरचटत पुढे सरकला, गिरणीपाशीही निघाला. वळणावर मामी ओट्यावर उभ्याच होत्या. "येऊ दे… येऊ दे… अजून हाय…" आणि मग त्यांनी हात वर केला. "बास. थांब. हितं अडतंय."

अडत होतं ते त्यांच्या पायाखाली. ओट्याच्या कोपऱ्यानं ट्रॉलीचं चाक धरलं होतं. बाकी सगळी गल्ली सुटत होती. जायचा होता तो एकटा साडूंचा ओटा.  मग आप्पाच म्हणाले, जरा हळूच, "बघा मग. इचारा तुमच्या आबास्नी." ट्रॅक्टर उलटा काढून नेला. राखेची रेघ ओट्याला लागून तशीच राहिली.

साडूंनी त्यानंतर गुऱ्हाळावर मुक्कामच ठोकला. राखेत नकाशा नाही, बोलणं नाही. शालननं फोन केला, "दाजी, तुम्ही या. हे कुणाशी बोलंनात." आम्ही दोघं गेलो. बायको शालनपाशी थांबली, मी गुऱ्हाळावर गेलो. साडू चिपाडांच्या ढिगाला टेकून बसले होते. मला वाटलं, आता माझी पाळी. मी म्हणालो, "ओटा जाऊ द्या भाऊ. मामींना आम्ही शिरूरला नेतो."

"दुसऱ्या मजल्यावर?" ते म्हणाले. "तिथनं काय बघणार त्या? पाण्याची टाकी?"

 त्यांनाच माझी दया आली असावी, कारण ते जरा सरकून मला जागा करत म्हणाले, "तुम्हाला म्हाईत न्हाई पाव्हणं. त्या आल्या तवा आतल्या खोलीत दाराआड बसायच्या. अर्धी भाकरी खायच्या. लेकीच्या घरी किती दिवस ऱ्हायाचं, जावयाचं किती खायाचं, हेच सारखं. त्यांची पिशवी खुंटीला भरलेली असायची. दर सोमवारी म्हणायच्या, निघते आता. मी म्हणायचो ऱ्हावा, तर अजूनच लाजायच्या. मग ते आक्कांचं पान घावलं. मी त्यास्नी म्हणालो, मामी, गल्लीला डोळं पाहिजेत, तुम्ही गेला तर काम कोण करंल? दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी झाली." त्यांनी अंगावरची चिपाडं झटकली. "मी फसवलं न्हाई त्यास्नी. पुस्तकात हाय तसंच सांगितलं. आता आबा म्हंत्यात ओटा कापा, आन् आक्का म्हंत्यात डोळं काढू नका. दोघं बी खरंच बोलत्यात. म्या कुणाचं ऐकू?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या नातेवाइकांना हसत होतो. त्यांतल्या एका आक्कांनी माझ्या सासूला पोटभर जेवायला लावलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही घराकडे निघालो. मामींशी कोण बोलणार हे वाटेत ठरेना. पोहोचलो तर मामी ओट्यावर लसूण सोलत होत्या. साडू चप्पल काढता काढता घुटमळले. मामींनी वर न बघता विचारलं, "कवा तोडायचा?"

"काय मामी?"

"काय म्हंजी? मी डोळं हाय ना गल्लीचे? आन् मलाच दिसलं न्हाई व्हय चाक कुठं अडलं ते? मीच थांबवलं की त्याला." त्यांनी सालं सुपाच्या कडेला सारली. "तांबोळ्याचं घर जाऊन माझी बैठक ऱ्हावी असं म्हणणारी बाई मी न्हाई. तोडा."

साडूंनी मान हलवली आणि ते आत गेले. आत बराच वेळ ते पाणी पीत होते.

ओटा काढला त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. माझं तिथं काम काहीच नव्हतं. दगड निघू लागले तशा मामी घरात गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात पिशवी घेऊन. लुगड्याच्या घड्या वरून दिसत होत्या. "निघते मग आता," त्या म्हणाल्या. "वडगावला घर हाय माझं. लई दिवस झाले." शालनचा चेहरा पडला. साडूंकडे आबा, मामा, आक्का कोणीच उरलं नव्हतं. ते नुसते हातातली पहार धरून उभे राहिले. मी तोंड उघडलं, पण शिरूर हा शब्द माझ्या तोंडातून निघेना, कारण तो त्यांना कुठं नेईल हे मला आता माहीत होतं.

तेवढ्यात समोरून तांबोळीचाचा आले. त्यांनी कोणाला काही न विचारता ओट्याचा एक दगड उचलला. मागून त्यांचे दोन्ही मुलगे आले, त्यांनी मोठा दगड दोघांत धरला. दगड रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले. दुकानापुढे, कडुलिंबाच्या बुंध्याशी, चाचींनी आधीच जागा झाडून पाणी मारून ठेवली होती.

"हे काय?" मामींनी विचारलं.

"तुमची बैठक," चाची म्हणाल्या.

"अगं बाई, जावयाच्या घरी ऱ्हायाला जीव वरखाली व्हतो, आन् आता शेजाऱ्याच्या दारात बसू?"

चाचींनी त्यांच्या हातातली पिशवी काढून शालनकडे दिली. "डोळं काय जावयाचं हायेत का मामी? गल्लीचं हायेत. हिकडनं बघितलं काय, तिकडनं बघितलं काय. बसा गुमान. आन् त्या पोरानं परत माझी शेळी सोडली, ते बघा आधी."

मामींनी पोराकडे पाहिलं. मग बसल्याच.

अलीकडे आम्ही दर पंधरवड्याला जातो. साडूंना सध्या एक नवे पॅरिसचे सर भेटले आहेत. सगळं काही घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर असावं, असं त्यांचं मत. "पॅरिसला आत्ता कळलंय, आपल्याकडं कवापासनं हाय," असं साडू सांगत होते, तर शालन आतून म्हणाली, "दवाखाना कुठं हाय पंधरा मिन्टात? त्या सरांस्नी इचारा." साडू त्यावर विचार करतायत. आबांचं आणि आक्कांचं भांडण मिटलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मिटलं. पण ते पुस्तकात न्हाई. त्या पानावर म्हणावं, तांबोळीचाची लिहा."

संध्याकाळी मी मामींजवळ त्या दगडांवर बसलो होतो. गुऱ्हाळावरून साडू येताना दिसले, थकलेले, डोक्याला राख लागलेली. दारात शालननं तांब्या पुढे केला. दोघं काहीतरी बोलून हसली. मामी बघत होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्सं त्या ओट्यावर बसून सगळ्यांची दारं बघितली पाव्हणं. माझ्या लेकीचं दार तेवढं पाठीमागं व्हतं. ते आता दिसाया लागलं." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "थोरलीचं न्हाई दिसत. लांब पडतं."

निघताना अंधार पडला होता. मामी सवयीनं उठून उभ्या राहिल्या आणि हात हलवू लागल्या, "येऊ द्या… येऊ द्या…" पण तोवर गाडी एका दमात वळली होती. ते वळण इतकं सोपं झालेलं मला काही आवडलं नाही. पुढे जाऊन मी उगाचच ब्रेक दाबला, गाडी थोडी मागे घेतली आणि काच खाली केली. मामींना ते दिसलं. त्यांनी घाईघाईनं हात वर केला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "बास! आता जावा." मग आम्ही गेलो.